सँकर, सेल्बू आणि लॅटव्हिया: दोनरंगी हातमोज्यांचे तीन पॅटर्न नागपुरात विणून बघितले

डिसेंबरात नागपुरात हातमोजे कोण घालतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पहाटे साडेपाचला फुटाळा तलावाच्या कडेनं टू-व्हीलर चालवून बघावी, मग बोलू. उन्हाळ्यात आम्ही पंचेचाळीसच्या पुढे भाजून निघतो म्हणून बाहेरच्यांना वाटतं इथे थंडी पडतच नाही, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ डिग्री झालं होतं आणि त्या दिवशी मी स्कूटीवर बजाजनगरहून वर्धा रोडला गेले होते, ब्रेक दाबायला बोटं वळतच नव्हती. तेव्हापासून दर वर्षी हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटरचे ठेले लावतात तिथून एक जोडी घेते, ती फेब्रुवारीपर्यंत टिकते, मग एक हरवते. कोणती हरवते? नेहमी उजवी.

तर मागच्या पावसाळ्यात म्हटलं आता आपणच विणू. स्वेटर, टोपडी, मफलर मला येतात, आईनं शिकवलंय, पण दोन रंग एकाच वेळी घेऊन चार सुयांवर गोल विणायचं मी कधी केलं नव्हतं. आणि विणायचेच तर साधे काहून विणायचे, म्हणून विणकामाच्या वेबसाइटवरून तीन पॅटर्न विकत घेतले, तिन्ही आपापल्या गावचे जुने पारंपरिक नमुने: स्कॉटलंडमधल्या सँकरचा 'ड्यूक', नॉर्वेतल्या सेल्बूचे मिटन (म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकाच पिशवीत) आणि लॅटव्हियाचे मिटन. तिन्ही मिळून सतराशेच्या आसपास गेले. आईची रिअॅक्शन, "सतराशे? कागदाचे?" मी म्हटलं कागद पण नाही आई, पीडीएफ आहे. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलली.

तर हा त्या तिघांचा रिव्ह्यू, पण खरं सांगायचं तर मुख्यतः सँकरचाच, कारण त्यानेच माझे चार महिने खाल्ले.

आधी गावाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पॅटर्न कळत नाही. स्पेलिंग बघून आपण सॅन्क्वाहर वगैरे काहीतरी म्हणू, पण तिथले लोक म्हणतात सँकर. दक्षिण स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीस भागात दोनेक हजार वस्तीचं गाव. तिथलं पोस्ट ऑफिस १७१२ पासून चालू आहे, जगातलं सगळ्यात जुनं अजून चालू असलेलं म्हणून ओळखतात त्याला. अठराव्या शतकात तिथल्या बाया पायमोजे विणायच्या आणि ते बोटीने थेट अमेरिकेत व्हर्जिनियाला जायचे, मग तिकडे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं आणि गिऱ्हाईकच गेलं. धंदा बसला पण हातातली कला राहिली, आणि ती राहिली या काळ्यापांढऱ्या हातमोज्यांत. सुयांना तिथे जुने लोक 'वायर' म्हणायचे. तेरा नंबरची सुई हातात घेतली की कळतं काहून म्हणायचे ते, ती सुई नाहीच, तारच आहे.

नमुन्यांची नावं इतकी भारी आहेत की मी निम्मे पैसे नावांसाठी दिले असं समजा. ड्यूक, कॉर्नेट, रोझ, प्रिन्स ऑफ वेल्स, आणि एक आहे 'मिज अँड फ्ली', म्हणजे चिलट आणि पिसू! कोण्या बाईनं बारके बारके ठिपके विणले असतील आणि शेजारीण म्हणाली असेल हे काय गं चिलटं बसल्यासारखं, बस, तेच नाव. (हे माझं इमॅजिनेशन आहे, इतिहास नाही.) कॉर्नेट म्हणजे गावाच्या शिवेवरून घोडेस्वारांची वार्षिक फेरी निघते तिचा म्होरक्या. ड्यूक हा बक्ल्यूच्या ड्यूकवरून, तिथलं मोठं जमीनदार घराणं.

ड्यूकचा नमुना बुद्धिबळाच्या पटासारखा. पूर्ण हातावर चौकटी, चौकटींना एका टाक्याची बारीक रेघ, आणि आत दोन प्रकारची नक्षी, एक सोडून एक. पीडीएफमध्ये त्याचा ग्राफ दिलाय, काळा खण म्हणजे काळा टाका, पांढरा म्हणजे पांढरा, आणि इथे मला शब्दाचीही मदत लागली नाही, कारण ज्याने लहानपणी दिवाळीत ठिपके मोजून रांगोळी काढली त्याला हे वाचता येतंच. लिहिलेल्या सूचना मात्र अगदीच कंजूष आहेत. "बोटे विणून घ्या" एवढ्या एका ओळीत अख्खं करंगळी ते अंगठा संपवलंय. अहो किती टाके, कुठून उचलायचे, मधल्या बोटाला सुरुवात तळव्याकडून की पाठीकडून? ते सगळं ग्राफवरून आपणच शोधायचं. पहिल्यांदा विणणारीनं हा पॅटर्न घेऊ नये, सरळ सांगते.

आता सुया आणि लोकर, म्हणजे खरं दुखणं.

पॅटर्नला हवी तीन प्लायची (प्लाय जितके जास्त तितका धागा जाड) बारीक शुद्ध लोकर आणि सव्वादोन एमएमच्या दोन्हीकडून टोकदार सुया, म्हणजे आपल्याकडचा तेरा नंबर. (नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मी एकदा उलटं समजून बाळाच्या टोपड्याच्या जागी टोपली विणली होती.) बर्डीवर मेन रोडच्या मागच्या गल्लीत लोकरीचं एक जुनं दुकान आहे तिथे गेले, तर काका म्हणतात, "मॅडम, तेरा नंबर कोनी मागतच नाही आता, सगळ्यायले जाड्या सुया पायजे, दोन दिवसात मफलर झाला पायजे. इतवारीत पाहा, भेटल्या तं भेटल्या." इतवारीत दोन दुकानांनी बारा नंबरवर हात टेकले, तिसऱ्यात मिळाला, पाच सुयांचा सेट, आणि दुकानदारानं चौदा नंबरचा पण काढला, म्हणे हा पण घेऊन जा, पुन्हा येणार नाही माल. घेतला. तो चौदा नंबर पुढे मला वाचवणार होता, तेव्हा माहीत नव्हतं. संत्रा बर्फी घेऊन घरी आले, दोन तास आणि ऑटोचे पैसे गेले पण बर्फी चांगली होती.

लोकर पहिल्यांदा ऑनलाइन मागवली. लिहिलं होतं शंभर टक्के मेरिनो. हातात घेतल्यावरच संशय आला, फार चकाकत होती आणि हातात चोळली की चूं चूं वाजत होती, मग धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून काडी लावली. खरी लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो, हळू जळते आणि राख बोटांत चुरली जाते. ही वितळली आणि टोकाला कडक काळा मणी झाला. अॅक्रिलिक. निदान बरंचसं अॅक्रिलिक. रिटर्नची मुदत संपून चार दिवस झाले होते कारण मॅडमनी पार्सल उघडलंच उशिरा, तेव्हा चूक अर्धी माझी, पण 'शंभर टक्के' हे शब्द माझे नव्हते. सेलरनं मेसेजला उत्तर म्हणून हात जोडलेला इमोजी पाठवला.

मग परत बर्डीच्या काकांकडे. त्यांच्याकडे तीन प्लाय नव्हती, चार प्लायची होती, लुधियानाची, शुद्ध. काकांनी स्वतःच काडी लावून दाखवली, न विचारता! पन्नास ग्रॅमचे दोन गुंडे काळे, दोन पांढरे. एका जोडीला खरं तर एकेक गुंडा पुरतो, थोडं उरतंही, पण उसवाउसवीत धागा खराब होतो म्हणून जास्तीचा घ्याच. या दुकानाला माझ्याकडून फुल मार्क, फक्त दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं, तेव्हा जाऊ नका.

आता गणित बघा. पॅटर्न सांगतो इंचाला दहा टाके, घेर ऐंशी टाक्यांचा, म्हणजे आठ इंच, बायकांच्या हाताला बरोबर. माझी लोकर चार प्लाय, तेरा नंबरवर इंचाला आठच टाके येत होते. ऐंशी भागिले आठ, दहा इंच! हे मी नमुन्याचा छोटा तुकडा आधी विणून मोजलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं, पण मी तो विणला नाही कारण उत्साह. मनगट झालं, त्यावर माझं आद्याक्षर पण विणून झालं, तळहात अर्धा झाला, घालून बघितला तर आत अजून एक हात मावेल.

साध्या मोज्यात आपण काय करतो, चार-आठ टाके कमी घालतो. ड्यूकमध्ये ते चालतच नाही. चौकटी पूर्ण यायलाच हव्या, टाके कमी करायचे तर अख्खी चौकट कमी करावी लागते, आणि चौकटी एकाआड एक असल्यामुळे एक काढली की गोल फिरून आल्यावर दोन सारख्या चौकटी शेजारीशेजारी येतात. म्हणजे दोन काढा, मग मोजा एकदम बाहुलीचा होतो. सँकरच्या बाया साइझ बदलायच्या तेव्हा टाके तेवढेच ठेवून सुई बदलायच्या, धागा बदलायच्या. पीडीएफमध्ये हे एका ओळीत कुठेतरी शेवटी लिहिलंय. पहिल्या पानावर ठळक लिहायला पाहिजे होतं, एक स्टार यासाठी कापला.

उसवलं सगळं. चौदा नंबरवर, म्हणजे दोन एमएमवर, पुन्हा सुरू केलं. इंचाला पावणेनऊच्या आसपास आले, घेर झाला नऊ इंचापेक्षा जरा जास्त. माझ्या हाताला अजून मोठा, पण बाबांच्या हाताला? टेप घेऊन गेले, पेपर वाचून राहिले होते, हात पुढे करा म्हटलं. नऊ इंच! तर अशा रीतीने हे हातमोजे बाबांचे झाले. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत, रोज पहाटे जुन्या स्कूटरवर फुटाळ्याला फिरायला जातात, म्हणजे फिरायला जातात म्हणतात, अर्धा वेळ चहाच्या टपरीवर असतात.

पुढे एक धडा जो कोणत्याच पीडीएफमध्ये नीट दिला नव्हता. दोन धाग्यांनी विणताना एक धागा वरून येतो, एक खालून, आणि खालून येणारा जो असतो त्याचे टाके जरासे मोठे पडतात, तोच रंग उठून दिसतो. फरक केसाएवढा, पण चारशे टाक्यांत तो ओरडून दिसतो. मी एका हातमोज्यात काळा खालून घेतला, मध्येच लाइट गेली, मेणबत्ती शोधली, परत बसले आणि धागे उलट पकडले गेले. दुसऱ्या दिवशी बघते तर अर्ध्या तळव्यापासून वर नक्षी फिकी, जणू कोणी फोटोचा ब्राइटनेस बदलला. तरी मला वाटलं लोकरच वेगळी आहे, काकांना दोष देणार होते. कोणता रंग कोणत्या हातात ते कागदावर लिहून सुईपाशी चिकटवा, मी आता डाव्या मनगटाला काळा धागाच बांधून बसते.

बरं, तक्रारी झाल्या. आता ज्यासाठी मी हा पॅटर्न पुन्हा विकत घेईन ते. बोटांच्या बेचक्या! दुकानातल्या हातमोज्यांत बोटं सरळ तळव्याला लावलेली असतात, मूठ वळली की बेचकीत ताण येतो आणि तिथूनच फाटतात, माझे सगळे तिथूनच फाटले. सँकरच्या मोज्यात प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये एक छोटासा त्रिकोण विणलेला असतो, शिंपी ब्लाउजच्या काखेत कळी टाकतो ना, तसा. अंगठ्याला पण तसाच मोठा त्रिकोण, आणि त्या त्रिकोणातही बारीक नक्षी. हे विणताना मी शिव्या दिल्या, एका सुईवर पाच टाके, दुसरीवर सात, दोन धागे, चार सुया, सगळं साळिंदरासारखं दिसतं. पण बाबांनी घालून मूठ वळली, क्लचची पोझ केली, आणि म्हणाले, "अरे हा तर हातच आहे." त्या त्रिकोणासाठी पूर्ण सतराशे वसूल आहेत. कोण्या बाईनं दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी कंदिलाच्या उजेडात बसून ही बेचकी सोडवली आणि आपण पीडीएफ उघडून ती फुकटात घेतो, बरं फुकटात नाही, पण तरी.

दुसरी गोष्ट, आतून बघितलं तर मागचे धागे कुठेही लांब लोंबत नाहीत. चौकटींची नक्षीच अशी बसवली आहे की दोनचार टाक्यांनंतर रंग बदलतोच, म्हणून बोट आत घालताना धाग्यात नखं अडकत नाहीत. आणि दोन रंगांमुळे कापड दुहेरी होतं, मध्ये हवा राहते, म्हणून इतकी बारीक लोकर असूनही ऊब येते. स्कूटरवर वारा थोडा लागतो हे खरं, ते विणलेल्या कोणत्याही मोज्यात लागणारच, पण हात आखडत नाहीत.

आणि मनगटावरचं आद्याक्षर. सँकरची ही खासियत आहे, मनगटाच्या पट्टीत ज्याचे मोजे त्याच्या नावाची अक्षरं विणायची, कधी वर्षही. म्हणजे हरवले की परत मिळतात, गाव छोटं, कोणाचे ते लगेच कळणार. पीडीएफमध्ये इंग्रजी ए टू झेडचा ग्राफ आहे. पण बाबांच्या मोज्यावर इंग्रजी बी कशाला, म्हणून मी मराठीत 'बा' विणायचं ठरवलं, आणि इथे जी मजा झाली ती लिहायलाच हवी कारण नेटवर कुठेच सापडली नाही.

मराठी अक्षराला शिरोरेषा असते. विणकामात शिरोरेषा म्हणजे सलग दहा-अकरा टाके एकाच रंगाचे, आणि तेवढा वेळ दुसरा रंग मागे नुसता लोंबकळणार. मनगटात हात घालताना तिथेच अंगठी अडकते. उपाय असा की दर चौथ्या टाक्याला मागचा धागा पुढच्या धाग्याखाली एकदा गुंतवून घ्यायचा, पण वरच्या आणि खालच्या फेरीत त्याच जागी गुंतवायचा नाही, नाहीतर समोरून डाग पडल्यासारखा दिसतो. हे जमलं. जमलं नाही ते 'ब'. आपल्याकडे जागा सातआठ टाक्यांची, त्यात व काढायचा आणि त्याच्या पोटात तिरकी रेघ. तिरकी रेघ तीन टाक्यांत तिरकी दिसत नाही, ठिपका दिसतो, आणि धुतल्यावर लोकर फुलली की तो ठिपकाही बुजतो. त्यामुळे डाव्या हातावर 'बा' आहे आणि उजव्यावर 'वा' आहे. बाबांना आवडलं. कोणी विचारलं तर उजवा हात दाखवतात. जर तुमचं नाव ग, म, न, प असं सरळ उभ्या काठीचं असेल तर मराठीत बिनधास्त विणा. क्ष आणि ज्ञ वाल्यांनी इंग्रजीच घ्यावं.

धुण्याबद्दल एक सांगते, काळा रंग पांढऱ्यावर उतरू शकतो. आधी दोन्ही धाग्यांचे तुकडे ओले करून पांढऱ्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी रुमालावर डाग असेल तर काळी लडी आधी दोनतीनदा कोमट पाण्यातून काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मगच विणायला घ्या. मी हे विणून झाल्यावर केलं, त्यामुळे पांढरा आता पांढरा नाही, जरा मोत्यासारखा आहे असं मी सगळ्यांना सांगते.

सेल्बूचं आता थोडक्यात. हे मिटन आहेत, बोटं वेगळी नसलेले. सेल्बू हे नॉर्वेत ट्रॉन्डहाइमजवळचं गाव, तिथली मारित एमस्टाड नावाची सोळा वर्षांची पोरगी १८५७ मध्ये पाठीवर आठ पाकळ्यांचं फूल असलेले काळेपांढरे मिटन घालून चर्चला गेली, बहिणींनाही तसेच, आणि तिथून सगळ्या गावाला वेड लागलं. पुढे लग्नात पाहुण्यांना मिटन भेट द्यायची पद्धत पडली. त्या गावाच्या अधिकृत चिन्हात आजही तशी तीन फुलं आहेत, म्हणजे बघा, पोरीचा चर्चला जायचा शौक कुठपर्यंत गेला. तुम्ही आजकालच्या थंडीच्या स्वेटरवर, कप वर, कुशनवर जे आठ पाकळ्यांचं चांदणीसारखं फूल बघता ते हेच.

विणायला हे सँकरच्या मानाने सोपं, धागा जाड चालतो, पीडीएफ पण नीट, प्रत्येक फेरीचे टाके लिहिलेले, दहा दिवसांत जोडी झाली. पण फुलाच्या पाकळ्यांमध्ये सहासात टाक्यांचे मागचे धागे राहतात, ते गुंतवावेच लागतात. आणि नागपुरात मिटनचा उपयोग काय? ब्रेक दाबता येत नाही, चावी फिरवता येत नाही, तर्रीपोहे खाता येत नाहीत. माझी जोडी भाचीला दिली, ती ते घालून सोफ्यावर बसून टीव्ही बघते. पहिल्यांदा दोन रंग शिकणारीनं मात्र हाच घ्यावा, पाचपैकी साडेचार.

लॅटव्हियाचा पॅटर्न अजून पूर्ण झाला नाही, तरी त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिकडे पोरीच्या हुंड्याच्या पेटीत मिटन भरून ठेवायचे, लग्नात सासरच्या सगळ्यांना एकेक जोडी द्यायची, दीर, नणंद, सासू, कोणी सुटत नाही. आपल्याकडे आहेरात टॉवेल-टोपी असते, त्यांच्याकडे मिटन, फरक एवढाच की टॉवेल कोणी हातानं विणत नाही. आणि २००६ मध्ये रीगाला नाटोची शिखर परिषद झाली तेव्हा आलेल्या पाहुण्यांसाठी ४,५०० जोड्या हातानं विणून घेतल्या होत्या. साडेचार हजार! आमच्या सोसायटीत गणपतीला साडेचारशे मोदक करताना भांडणं होतात.

नक्षी म्हणजे सगळी चिन्हं: सूर्य, सकाळची चांदणी, गवतातला साप, आणि ग्राफचं दुसरं पान उघडलं तर समोर सरळ स्वस्तिक. मी दोनदा पीडीएफचं नाव तपासलं. तिकडे त्याला अग्नीचा किंवा विजेचा क्रॉस म्हणतात, हिटलरच्या खूप आधीपासून त्यांच्या मोज्यांवर आहे. आईनं पहिल्यांदाच माझ्या पीडीएफमध्ये इंटरेस्ट घेतला, म्हणे हा तरी शुभ आहे, हेच वीण. पण भाऊ म्युनिकला राहतो, त्याला पाठवायचे ठरले होते, आणि जर्मनीत हे चिन्ह मिरवायला कायद्यानं बंदी आहे, पोलिसाला तिथे रस्त्यात उभं राहून लॅटव्हिया आणि सत्यनारायण कोण समजावणार, म्हणून त्याच्यासाठी चांदणीचा ग्राफ घेतला. स्वस्तिकवाला घरच्यासाठी.

अडचण एकच, दीड एमएमच्या सुया. दोन महिन्यांत मनगट झालंय, बस. पण मनगटाला जी दातेरी किनार आहे ती बघून मला आजीची करवतकाठी साडी आठवली, तोच करवतीचा दात, फक्त तिकडे लोकरीत आणि आपल्याकडे टसरमध्ये. आता ग्राफपेपरवर तो काठ उतरवून राहिली आहे, जमला तर पुढच्या मोज्याच्या मनगटाला तोच.

कोणी म्हणेल परदेशीच काहून. तर मनालीला गेलात तर लाहौलकडचे हातानं विणलेले पायमोजे-हातमोजे बघा, भडक लाल, पिवळे, हिरवे, भौमितिक पट्टे, त्यांना जीआय टॅगही मिळालाय. माझ्याकडे दोन जोड्या आहेत आणि सँकरपेक्षा ऊबदार आहेत. फक्त त्यांचा ग्राफ असा तयार विकत मला मिळाला नाही, विणणाऱ्या बायांच्या डोक्यात असतो तो. मी तर जोडी उलटी करून टाके मोजून उतरवायला घेतलाय.

तर सँकरच्या ड्यूकला पाचपैकी चार. एक स्टार साइझबद्दल सुरुवातीलाच न सांगितल्याचा कापला, बोटांच्या एका ओळीचा अर्धा अजून कापायचा होता पण बेचकीनं तो परत मिळवला. घेणार असाल तर आधी चौदा नंबरच्या सुया मिळतात का बघा, मगच पैसे भरा, सुई नसेल तर पीडीएफ नुसता मोबाईलमध्ये बसून राहतो. ज्यांना चार महिने नाहीत त्यांनी सेल्बू. लॅटव्हियाला स्टार जोडी झाल्यावर.

बाबांनी मोजे आठवडाभर वापरले, खूश आहेत, टपरीवर तिघांनी विचारलं कुठून घेतले. काल मात्र परत घेऊन आले, म्हणाले, बेटा सगळं छान आहे पण पहाटेचे गुड मॉर्निंग पाठवता येत नाहीत, स्क्रीनला बोटच कळत नाही, अंगठ्याचं टोक तेवढं उघडं करून दे. तर उजव्या हाताचा अंगठा उसवायला घेतलाय.